हजार हातांचा करंडा

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. मनाचा भला, पण हट्टी. प्रजेला कष्ट नकोत म्हणून त्याने कालजंघ जादूगाराकडून एक करंडा आणला. झाकण उघडताच त्यातून हजार अदृश्य हात निघाले. ते दळू लागले, कांडू लागले, मडकी घडवू लागले, पाळणे हलवू लागले. जादूगार म्हणाला, "राजा, हे कोणालाच काही करू देणार नाहीत. तू 'थांबा' म्हणालास तर थांबतील, पण कायमचे." राजा हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे!

वर्षभर नगरीत सण होता. मग माणसं विझू लागली. कुंभार थंड चाकापुढे नुसता बसून राही. तान्ही पोरं आयांकडे वळून बघेनात. ना ताप, ना खोकला, माणसं भरल्या ताटावर बसल्या बसल्या मेली हो!

हात येण्याआधी राणी लेकीसाठी रोज एक भाकरी स्वतः थापायची. हातांनी तिच्यापुढची परात ओढून घेतली.

"महाराज, एवढी एक तरी मला करू द्या."

"वेडी आहेस. आराम कर."

राणीने आराम केला आणि त्या आरामातच ती गेली.

मागे उरली एकुलती लेक, हेमकळा. तिनेही भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. हात तिला भरवत, तिची वेणी घालत. ती बोलेना, रडेना. राजाचा जीव टांगणीला लागला.

तेव्हा अंगणातल्या कडुलिंबावरून भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, सात डोंगरांपलीकडचं पाणी हवं. काटेवनातलं फूल हवं. राक्षसाच्या गळ्यातला मणी हवा. पण हे सगळं राजकन्येनं मनानं ठरवून, स्वतः मिळवावं."

"तिला उभंही राहवत नाही. मीच आणतो."

पक्षी उडून गेला. हट्टी माणसाला काय सांगणार?

वेशीपलीकडे हातांची सत्ता नव्हती. राजा एकटाच चालत गेला. सात डोंगर चढून त्याने पाणी आणलं. हातांनी ते लेकीला पाजलं. ती भिंतीकडे वळली. काटेवनात शिरून त्याने फूल आणलं. हातांनी ते तिच्या वेणीत माळलं. तिने डोळे मिटले. राक्षसाशी तीन दिवस झुंजून त्याने मणी आणला. हातांनी तो तिच्या गळ्यात बांधला. तिचा श्वास आणखी बारीक झाला.

राजा लेकीच्या खोलीच्या उंबरठ्यावरच कोसळला. तळवे फाटलेले, पाय सुजलेले. आता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. पोर डोळ्यांदेखत जाणार, हे त्याला कळून चुकलं.

"हेमकळे," तो रडत म्हणाला, "मी हरलो गं. घशाला कोरड पडलीय. तुला वाटलं तर घोटभर पाणी दे. नाही वाटलं, तर राहू दे."

अंथरूण हललं. राजकन्या भिंतीला धरून उठली. तांब्या उचलताना पाणी सांडलं. हजार हात तांब्यावर झेपावले.

"थांबा!" राजा ओरडला. "ती आणतेय!"

हात विरून गेले आणि करंड्याची राख झाली. हेमकळा चार पावलं चालली. तांब्यात अर्धंच पाणी उरलं होतं. राजाने ते पिऊन टाकलं. मग ऊर फुटेस्तोवर रडला, कारण हाच एक शब्द राणीसाठी त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

नगरीत चाकं फिरू लागली. पहिली मडकी वाकडी झाली, तरी लोक ती मिरवत घरी नेऊ लागले. आया पाळण्याशी बसल्या. गेलेले मात्र गेलेच, ते कुठल्या जादूने परत येतात?

हेमकळेने पहिली भाकरी थापली. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने करपलेली.

"बाबा, आईसारखी नाही झाली."

"नाही झाली," राजा म्हणाला. "उद्या पुन्हा कर."

तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. ज्याला आपल्या हातांनी काही करायचं असेल, त्याला ते करता येवो. आमची कहाणी इथे संपली.