सोनेरी दगडाची परीक्षा

खाणीतून सोनेरी झाक असलेले दगड निघाले आणि राजाने त्यांचाच पिण्याच्या तलावाला बांध घालायचं ठरवलं. दगड पारखायला बोलावलं माती-दगडाची जाण असलेल्या साळू कुंभारणीला. दोन महिने ती दगडाचा चुरा मडक्यात भिजवत होती, उन्हात वाळवत होती. राजा रोज मडकं बघायला जाई, आणि राजरत्नपारखी विसोपंतांच्या पोटात दुखे. “तीस वर्षं हिरे पारखले, पण महाराज माझ्याकडे कधी फिरकले नाहीत!”

शेवटी भर दरबारात साळूने मडक्यातल्या पाण्यात गोकर्णाच्या फुलाचा निळा रस टाकला. तो लालसर जांभळा झाला. “महाराज, आंबट पाण्यात हा रस असाच रंग बदलतो. या दगडाने तलाव आंबेल. मासासुद्धा जगणार नाही.”

पंतांनी तिथल्या तिथे एक दगड धुतला आणि त्या पाण्यात रस टाकला. तो निळाच राहिला. “बघा, क्षणात परीक्षा! हिला दोन महिने कशाला लागले?”

साळूने हात जोडले. “पंत, आतला आंबटपणा ऊनपाणी लागल्यावरच बाहेर येतो. मी दरबारात आले त्या दिवशी तुम्ही माझं तोंडभरून कौतुक केलं होतंत. त्याच दिवशी तुम्हाला पारखलं असतं, तर तुम्हीही निर्मळच ठरला असतात.”

बांध काळ्या पाषाणाचा झाला. पंतांचा चेहरा मात्र तेव्हाच लालसर जांभळा झाला होता.