स्वखुशीची कबुली

“पण बाई, त्यानं मारलंच नाही, तर ‘मीच मारलं’ असं तो का म्हणेल?”

शार्दूलचा आवाज चढला होता. वकिलीच्या कॉलेजात जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, पण ऐट अशी की अमेरिकेचा अख्खा कायदा जणू याच्याच खिशात.

खांबेटे बाई त्याच कॉलेजात नव्या मुलांना इथली कोर्टं समजावून सांगायच्या. त्याआधीची सगळी हयात त्यांनी आरोपींच्या बाजूनं उभं राहण्यात घालवली होती.

शार्दूलचा धाकटा भाऊ नचिकेत तुरुंगात होता. बारमधल्या मारामारीत कुणीतरी एकाच्या डोक्यात बाटली फोडली, आणि त्या माणसानं बोट दाखवलं ते नचिकेतकडे. सरकारी वकिलानं सौदा पुढे केला: गुन्हा कबूल कर, वर्षभरात घरी जा. खटला लढून हरलास तर पंधरा वर्षं. उद्या सकाळी कोर्टात उत्तर द्यायचं होतं.

“ज्युरी आहे ना. बारा माणसं ऐकतील त्याचं.”

“ऐकतील की. डोकं फुटलेल्याचंही ऐकतील.”

“म्हणजे निर्दोष माणसानं...”

“ऊठ,” बाई म्हणाल्या. “उजवा हात वर कर. तू नचिकेत, मी न्यायाधीश. कबुली घेण्याआधी ते शपथेवर प्रश्न विचारतात. खरं बोलायची शपथ घेतलीस?”

“घेतली.”

“बाटली तू मारलीस?”

“...हो.”

“कबुलीसाठी कुणी धाक घातला?”

“घातला. पंधरा वर्षांचा धाक घातलाय, दिसत नाही का तुम्हाला?”

“झालं. न्यायाधीश अशी कबुली घेत नाहीत. सौदा मोडला, भाऊ गेला पंधरा वर्षं.” बाईंचा आवाज जराही वर गेला नाही. “हात वर. पुन्हा.”

आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

मग हात वर गेला.

“कुणी धाक घातला?”

“...नाही.”

“स्वखुशीनं बोलतोयस?”

“हो.”

त्याला स्वतःची शिसारी आली. तो मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

...

रडणं ओसरल्यावर बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“सरावात नचिकेत धाकाच्या याच प्रश्नाला अडतोय, असं त्याचा वकील सांगत होता. तुझं ऐकतो तो. संध्याकाळी भेटशील, तेव्हा एवढं शिकव त्याला.”