आतली कडी

"आणि भूकच मेलेली असेल, तर त्याला उपास म्हणायचं का गं?"

प्रश्न दाराबाहेरून आला, आणि शलाकाच्या हातातला तांब्या निसटून फरशीवर खणखणला.

आवाज मठाच्या गुरू येसूमाईंचा होता.

दार संडासाचं होतं.

"माई? तुम्ही... इथं?"

"इथंच. बादली पालथी घालून बसलेय."

"नका ना बसू तिथं. कुणी बघेल..."

"बघू दे की. सत्संगाला जागा लागत नाही, हे परवा तूच बायकांना सांगत होतीस."

शलाकाने आतली कडी घट्ट धरली. बाहेरून कुणी ओढत नव्हतं, तरी धरली. ती मुळातच भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती या डोंगरावरच्या मठात येऊन राहिली त्याला दोन वर्षं होत आली होती, पण एवढी घाबरली नव्हती कधी.

कारण उद्या पौर्णिमा. आणि उद्या तिला माईंशेजारच्या आसनावर बसवायचं ठरलं होतं.

ठरवलं होतं केरूबुवांनी. केरूबुवा म्हणजे मठाचे कोठीवाले. धान्याची किल्ली त्यांच्या कमरेला आणि मठाची कीर्ती त्यांच्या जिभेवर. शलाकाचा चेहरा पांढराफटक पडत चालला, तसं बुवा भेटेल त्याला सांगू लागले, "काय वैराग्य आहे पोरीचं! अर्धी भाकरी नि वाटीभर ताक. देहातला रजोगुण पार पिळून निघालाय. बघा की, चेहऱ्यावर लालीचा ठिपका नाही!"

गुरुवारी डोंगर चढून येणाऱ्या बायका तिच्या पाया पडू लागल्या. चार पायऱ्या चढून ती धापा टाकत कठड्याला टेकली, की म्हणायच्या, "समाधी लागली. बोलू नका."

एकदा ती म्हणाली होती, "अहो, तसं काही नाही. मला बरं नसतं."

"बघा," बुवा म्हणाले, "केवढी नम्रता!"

त्यानंतर ती काही बोलली नाही.

"शलाका."

"जी माई."

"या मठाची रीत काय आहे? संडास कुणी धुवायचे?"

"...गुरूने."

"का?"

"तुमच्या गुरूंनी तसं घालून दिलंय म्हणून."

"आणि पावसाळ्यापासून माझ्या आधी उठून कोण धुतंय?"

शलाकाने डोळे मिटले. त्याचंही कौतुक झालं होतं. गुरूंचे कष्ट वाचावेत म्हणून पोर पहाटे उठते, थंडीत हातांनी फरशी घासते! ऐकून एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लोक म्हणतात, तू सेवा चोरतेस माझी," माई म्हणाल्या. "चोर, बाई. पण नीट तरी चोर. भांड्याच्या कडेखाली रक्त राहतं तुझं. ते मीच धुते रोज."

लाजेने माणूस लाल होतं म्हणतात. शलाकाचे कान नुसते गार पडले. लाल व्हायलाही अंगात काही लागतं. आणि मग तिच्या मनात आलं ते वेगळंच. माईंचे हात. ज्या हातांवर तीर्थ घ्यायला लोक रांग लावतात, ते हात.

"तुम्हाला... तेव्हापासून माहीत होतं?"

"हं."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू कधी कडी काढतेस, ते बघत होते. आता उद्या आसनावर बसशील. तिथं अजून एक कडी लागेल."

भिंतीवरून एक सरडा सरसरत गेला आणि शलाका पुन्हा दचकली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलीस मागच्या महिन्यात. पुस्तकं आणायला म्हणून गेलीस, नि हात हलवत परत आलीस. काय म्हणाला डॉक्टर?"

आता लपवायला उरलं काय होतं? शलाका दाराला पाठ लावून उभी राहिली आणि दाराशीच बोलल्यासारखी बोलू लागली. आतड्याला सूज आहे. आत व्रण आहेत, त्यातून रक्त जातं. वर्षानुवर्षं राहणारा आजार आहे, पण औषधाने आवरतो. पूर्वी चालू असलेलं औषध तिने मध्येच सोडलं होतं.

"आणि अंगातलं रक्त फार कमी झालंय. लोहाच्या गोळ्या घेतल्या मी, माई. खरंच घेतल्या. पण त्या लागू पडत नाहीत. सूज असली की शरीर आलेलं लोह आत घेत नाही, म्हणाले. साठ्यातलं असतं तेही सोडत नाही. शत्रू घरात शिरलाय असं समजून सगळं बंद करून बसतं."

"म्हणजे केरूबुवा!"

"...काय?"

"वानरं आली होती त्या दिवशीचे आपले केरूबुवा."

शलाकाला आठवलं, आणि एवढ्या सगळ्यात तिला हसू फुटलं. वानरांची टोळी अंगणात उतरली तसे बुवा कोठीत शिरले नि आतून कडी घालून बसले. पंगत मांडलेली, चुली पेटलेल्या, पीठ आत. माईंनी स्वतः दार ठोठावलं, तर आतून बुवा म्हणतात कसे, "आवाज काढून फसवताय होय रे, माकडांनो!"

हसता हसता तिला धाप लागली. मग हसणं कधी रडण्यात गेलं, ते तिलाही कळलं नाही.

माईंनी ते थांबू दिलं.

"वानरं संध्याकाळपर्यंत हलली नव्हती," त्या म्हणाल्या. "तरी सगळे जेवलो. कसे?"

"स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून. शेजारच्या पाड्यावरून पीठ आणलं, ते तिकडून चुलीपाशी दिलं."

"डॉक्टरने मागची खिडकी सांगितली असेल की."

शलाकाने डावा हात उताणा केला. कोपराच्या वळणात निळी शीर दिसत होती.

"शिरेतून लोह द्यायचं म्हणाले. सलाईनसारखं. आणि सुजेचं औषध पुन्हा सुरू करायचं."

"मग अडलंय कुठं?"

"सगळ्यांना सांगावं लागेल, माई. काय होतंय, कुठून होतंय... मला लाज वाटते."

"कशाची? रक्ताची?"

"हो."

"मी पुन्हा विचारते. रक्ताची की पायांची?"

शलाकाला वाटलं, फरशी पायाखालून सरकतेय. पण ती चक्कर नव्हती. चक्कर तिच्या ओळखीची झाली होती.

गुरुवारची ती रांग. पायांना लागणारी कपाळं. पहिल्यांदा तिने पाय मागे ओढले होते. मग ओढायचे थांबवले. मग... एका गुरुवारी पाऊस होता, कुणी आलं नाही, आणि तिने तीनदा दारात जाऊन वाट पाहिली होती.

"पायांची," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की माईंना ऐकू गेला नसेल असं तिला वाटलं. "मला आवडायला लागलं होतं."

शलाकाने कडी काढली.

बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं. माई खरंच पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, मांडीवर खराटा आडवा. शलाका त्यांच्या पायांकडे वाकली आणि वाकता वाकता झोकांडली. माईंनी मनगट पकडलं.

"आधी हात धू."

ती हात धूत होती तेवढ्यात केरूबुवा आलेच. बरोबर खालच्या गावचे एक मास्तर आणि त्यांच्या पत्नी. उद्याच्या आसनासाठी झेंडूची परडी घेऊन आले होते. माईंना तिथं बसलेलं पाहून बुवा थबकले, पण बाईंना शलाका दिसली आणि त्या सरळ तिच्या पायांशी वाकल्या.

"नका!" शलाका मागे उडी मारल्यासारखी सरकली. "नका हो. मी तपस्वी नाही. माझ्या शौचातून रक्त पडतं. म्हणून मी अशी पांढरी दिसते. उपास नाही तो, मला भूकच लागत नाही. नि पहाटे मी सेवा करत नाही... डाग पुसते."

परडी मास्तरांच्या हातात तिरपी झाली. दोन फुलं खाली पडली. केरूबुवांचं तोंड उघडं राहिलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही निघालं नाही.

मास्तरांच्या पत्नीने नवऱ्याकडे पाहिलं. मग शलाकाकडे. मग हळूच हात जोडले.

"ऐकलंत?" त्या पुटपुटल्या. "चारचौघांत स्वतःला एवढं खाली घ्यायचं... साध्या माणसाला जमतं का?"

आणि पुन्हा वाकल्या.

शलाका वळली. डोळ्यांतलं पाणी आता लपत नव्हतं.

"माई, मी खरं सांगितलं. तरी सुटत नाही. काय करू मी?"

येसूमाई उठल्या. बादली सुलटी केली, नळाखाली भरली. खराटा घेऊन संडासात गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.

बराच वेळ फक्त फरशी घासल्याचा आवाज येत राहिला.

मग आतून त्या म्हणाल्या, "उद्या सकाळच्या जीपने जा. अंगात रक्त भरून ये, गाल लाल होऊ देत. मग बघू, कोण पाया पडतं ते."