पेवातला दिवा

फार मागच्या काळी माळरानावर एक गाव होतं. तिथले लोक आपलं धान्य जमिनीखाली जपत. दोन पुरुष खोल खड्डा, माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, वर दगड आणि शेणामातीचा लेप. त्याला पेव म्हणत.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. घरोघरच्या कणग्यांचा तळ दिसू लागला, तेव्हा गावानं सामाईक पेव उघडायचं ठरवलं. ते निम्मंच भरलेलं होतं, पण तेवढ्यावर गाव तगलं असतं.

सटवाजी नावाचा धडधाकट गडी शिडीवरून आत उतरला. चार पायऱ्या उतरला असेल, तोच त्याचा हात सुटला. ना हाक, ना ओरडणं. धान्यावर नुसता धप्प आवाज झाला. त्याचा धाकटा भाऊ ‘दादा, दादा’ करत मागोमाग उतरला. तोही परत बोलला नाही.

त्या दोघांची आई पेवाच्या तोंडाशी बसून हाका मारत राहिली. बाकीचं गाव मात्र पाठीला पाय लावून पळालं.

“आत काहीतरी आहे,” लोक कुजबुजू लागले. “माणसं ओढून घेतं.”

दुसऱ्या दिवशी पाटलांनी दोराला बांधून एक बोकड आत सोडला. आधी त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग ते थांबलं. वर ओढला तर बोकड मेलेला! अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ते पाहून बायकांनी पोरांना छातीशी धरलं. त्या वाटेनं गुरंही कुणी नेईना.

पण भूक थांबत नव्हती. पाचव्या दिवशी पाटलांनी काड्या काढायला लावल्या. आखूड काडी ज्याच्या हाती येईल त्यानं कमरेला दोर बांधून उतरायचं आणि निदान एक टोपली भरून द्यायची. आखूड काडी आली निंबाजी बुरडाच्या हाती.

त्याची बायको हौसा तिथेच उभी होती. निंबाजीनं काडी खाली टाकली आणि तो कमरेला दोर बांधू लागला.

“पाटील,” हौसा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला. “धनी उतरायच्या आधी मला एकदा आत बघू द्या. काय आहे ते तरी दिसू दे.”

तिनं देवळातला लामणदिवा मागून आणला. भर दुपारी ती पेवाच्या तोंडाशी पालथी झोपली. आतून कुबट, कोंदट वास आला. दिव्याला दोर बांधून तिनं तो हळूहळू खाली सोडला. ज्योत सरळ जळत होती. अचानक ती बारीक झाली आणि विझली.

“फुंकला! त्यानं दिवा फुंकला!” मागे कुणीतरी किंचाळलं. माणसं दहा पावलं मागे सरली.

उठून पळावं असं हौसालाही फार वाटलं. पण निंबाजीच्या कमरेला दोर बांधलेला होता. तिनं दिवा वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. आता तिनं दोराला जिथं धरलं होतं तिथं गाठ मारली. तिसऱ्यांदा सोडला, तर गाठ हाताशी येताच ज्योत गेली.

ती उठून बसली. “फुंकणारा कुणी असता तर कधी वर फुंकता, कधी खाली. हा दर वेळी एकाच ठिकाणी विझतोय. निखाऱ्यांवर मडकं पालथं घातलं की ते कसे विझतात? तसंच आहे हे. खाली वाराच नाही.”

गावचा म्हातारा शेतकरी काठी टेकत पुढे आला. “पोरी, खरं बोललीस, भीतीपायी मलाही हे सुचलं नव्हतं,” तो म्हणाला. “दाणा जिवंत असतो. तोही श्वास घेतो. बंद पेवात चांगली हवा संपते, आणि जड, वाईट हवा पाण्यासारखी तळाशी साचते. तिथं ना दिवा जगतो, ना माणूस.”

“मग ती हवा उपसायची,” हौसा म्हणाली.

कडुनिंबाच्या डहाळ्यांचा भारा आणि जुनी घोंगडी दोराला बांधून लोकांनी ती वरखाली, वरखाली केली. पहिल्यांदा भीतभीत, मग जोरानं. घटकेनं गाठ हातभर आत गेली, तरी दिवा विझला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तो थेट धान्याला टेकला आणि जळतच राहिला.

निंबाजी उतरला. हौसानं दोर धरला होता आणि ती सारखी हाक देत होती. “आहात ना?”

“आहे,” खालून आवाज यायचा.

पहिल्यांदा त्यानं दोघा भावांची प्रेतं वर पाठवली. धान्य त्यानंतर आलं. त्या आईनं दोघांची डोकी मांडीवर घेतली आणि विचारलं, “हा दिवा चार दिवस आधी का नाही सोडला गं?”

त्या वर्षी गाव जगलं, पण त्या आईच्या दाराशी धान्याची टोपली ठेवताना प्रत्येकाची मान खाली जायची.

बोध: भीती वाटली तर पळू नका, तिचं कारण शोधा; ते कळायला उशीर झाला, तर त्याची किंमत माणसांच्या जिवानं मोजावी लागते.