मेलेल्या घोड्यांचा चारा

घाटाच्या अलीकडे एक राजा होता, वीरधवल. त्याचा एक पाहणीदार होता, निंबाजी. आणि निंबाजीची एक एकुलती लेक होती, सगुणा. घाटाच्या पलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख. तो राजा मित्र, पण त्याच्याकडे फौज थोडी आणि लुटारूंचा उपद्रव फार. म्हणून त्याने वीरधवलाला जागा दिली आणि वीरधवलाने तिथे दोन ठाणी बांधली. एक डोंगरावर, एक नदीकाठी. दोन्हीकडे घोडदळ ठेवलं. दोन्हींवर ठाणेदार मात्र एकच, हैबती नाईक. हा हैबती म्हणजे सगुणेचा सासरा. डोंगरावरच्या ठाण्यातच तिचं सासर.

आता आपल्या दारातला राखणदार आपल्याला रोज दिसतो. पण परमुलखात ठेवलेली माणसं काय करतात, ते कसं कळायचं? त्यासाठी राजाने एक रीत घातली होती. वर्षातून एकदा पाहणीदाराने दोन्ही ठाणी आपल्या डोळ्यांनी पाहायची, येताना तिथली मूठभर माती आणायची, आणि ती माती हातात धरून भरल्या दरबारात जे पाहिलं ते सांगायचं. रीत चांगली होती हो, पण पाहणीदार जेवायला बसत! हैबतीकडची पंगत अशी, की डोंगरावर जेवलेला माणूस ऊन कलल्याशिवाय उठायचाच नाही. मग तो नदीकाठी जायचा, तिथेही घोडे बघायचा, आणि दरबारात येऊन म्हणायचा, "घोडे ताजे, ठाणी खडी, सगळं कुशल." ऐकून राजा खूश व्हायचा.

त्या वर्षी जुना पाहणीदार थकला. हैबतीने दरबारात शब्द टाकला, "आमचे व्याही निंबाजी आहेत की. माणूस सरळ आहे." त्याच्या मनात वेगळंच होतं. घरचा माणूस घरचं झाकेल, असा त्याचा हिशेब.

निंबाजी डोंगरावर पोचला तेव्हा पाटरांगोळी मांडून तयार होती. हैबती म्हणाला, "बसा व्याही! पुरणाचा घाट घातलाय."

निंबाजीने हात जोडले. "नाईक, असं कसं विसरलात? नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं अन्न आम्हांला चालत नाही."

हैबती कपाळाला हात लावून उभा राहिला. सगळं योजलं होतं, आणि आपल्याच सोयरिकीची रीत तेवढी विसरला होता!

निंबाजी पागेतले घोडे पाहून तिथेच झाडाखाली बसला. पडशीतली भाकरी काढली, मागच्या कप्प्यातला गूळ काढला. शेजारी एक पांढरी घोडी बांधली होती, डावा कान फाटलेली. ती मान लांब करून बघत होती. त्याने तिला गुळाचा खडा दिला. मग आणखी एक दिला. खाऊन होताच तो उठला आणि नदीकाठच्या वाटेला लागला. हैबती मागून ओरडत होता, "अहो, जरा लवंडा तरी! ऊन किती आहे!" पण निंबाजी थांबला नाही, तसा तोही मागोमाग निघाला.

नदीकाठच्या ठाण्यावर घोडे ओळीने उभे होते. अंगावर नव्या कोऱ्या झुली, डोक्यावरून कानापर्यंत गोंड्यांचे साज. साज झकास होता, पण झुलींखालून घाम गळत होता आणि तोंडांना फेस आला होता. निंबाजी ओळीतून चालू लागला. एवढ्यात एका पांढऱ्या घोडीने मान पुढे केली आणि त्याच्या पडशीच्या मागच्या कप्प्यात थेट तोंड खुपसलं.

निंबाजी म्हणाला, "व्याही, ही घोडी मला ओळखते."

"जनावरच ते. गुळाचा वास आला असेल," हैबती हसून म्हणाला.

"वास तर सगळ्यांनाच आला असेल. गूळ कुठल्या कप्प्यात आहे, ते हिलाच कसं कळलं?"

त्याने गोंडे बाजूला केले. खाली फाटका कान. डोंगरावरचेच घोडे आडवाटेने धावत इथे आणले होते. दर वर्षी पाहणीदार जेवेपर्यंत ते सावकाश येऊन पोचत. या वर्षी त्यांना पळावं लागलं.

हैबतीचा चेहरा उतरला. "साथ आली होती व्याही. निम्मे घोडे मेले. पहिल्या वर्षी लाजेने सांगितलं नाही, दुसऱ्या वर्षी भीतीने. पुढे सवयच झाली."

"आणि मेलेल्या घोड्यांचा चारा? तो तर राजाकडून अजून येतो. तो कोण खातं?"

 हैबती खालच्या मानेने म्हणाला, "तो विकतो मी. पण सगुणा माझ्या घरात आहे, एवढं विसरू नका."

परतताना निंबाजी लेकीकडे थांबला. ती पाणी भरत होती. बापाचं तोंड पाहूनच तिने ओळखलं. "बाबा, घोड्यांचं कळलं ना?"

"कळलं. पण सांगितलं तर तुझ्या सासरची अब्रू जाईल. तुला इथे राहायचंय पोरी."

सगुणेने घागर खाली ठेवली. "राहायचंय, म्हणूनच सांगा. लुटारू आले, की त्या निम्म्या घोड्यांवर कोण बसणार? माझाच नवरा ना? अब्रू गेली तर परत मिळवता येईल बाबा. माणूस गेल्यावर मी काय करू?"

निंबाजीने तिथली मूठभर माती उचलली आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.

दरबार भरला. हैबतीही येऊन उभा होता. निंबाजीने माती हातात घेतली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. घोडे सांगितले, चारा सांगितला, एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

प्रधान उसळून म्हणाला, "हैबती तुझा व्याही ना? काही भांडणतंटा झालाय का?"

"व्याही आहे, म्हणून तर दोनदा पाहिलं."

"बरं, पण हे इथेच दाबा महाराज. मित्रराजाच्या कानी गेलं तर आपली नाचक्की. लुटारूंना कळलं तर आणखी वाईट."

निंबाजी म्हणाला, "लुटारू दर सुगीला त्या ठाण्यांवरून जातात. त्यांना ठाऊकच आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्याला."

 राजाने हैबतीकडे पाहिलं. हैबती पुढे आला आणि डोक्याचं पागोटं काढून राजाच्या पायांशी ठेवलं. "व्याही खरं बोलले, महाराज."

राजा उठला. त्याने हैबतीची ठाणेदारी काढली आणि त्याच ठाण्यात गवत कापायला त्याला ठेवलं. ठाणेदारी सगुणेच्या नवऱ्याला, रायाजीला दिली. ठाण्यांना लागतील तेवढे घोडे त्याच आठवड्यात घाट ओलांडून पाठवले. आणि नवी रीत घातली. यापुढे पाहणीदाराने न कळवता जायचं, आणि शिदोरी आपली आपण न्यायची.

सुगी झाली. धान्य घरात आलं, तसे लुटारू आले. ठाणी पोकळ आहेत या भरवशावर भर दिवसा, गाणी म्हणत आले. तोच डोंगरावरून घोडदळ उतरलं आणि नदीकाठून दुसरं उठलं. पुढे फाटक्या कानाची पांढरी घोडी, तिच्यावर रायाजी. लुटारूंना पळायला वाट पुरेना. लूट टाकली, जोडे टाकले, पुन्हा त्या मुलखाचं नाव घेतलं नाही. मित्रराजाने हत्तीवरून साखर वाटली आणि वीरधवलाला निरोप धाडला, "तुमची ठाणी आहेत, तोवर आम्ही निर्धास्त."

गवत कापणाऱ्या हैबतीला शिपाई चिडवायचे, "नाईक, आता जिवंत घोड्यांना घाला बरं!" तो हसून भारा उचलायचा. त्याच्या हातचं खाऊन घोडे तुकतुकीत झाले.

वर्ष फिरलं. निंबाजी न कळवता डोंगरावर पोचला. पाहतो तो दाराला तोरण. सगुणेला मुलगी झाली होती. त्याने आधी पागेत जाऊन घोडे पाहिले, पांढऱ्या घोडीला गूळ दिला, आणि मगच नातीला मांडीवर घेतलं.

हैबतीने स्वतः पाट मांडला, पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि म्हणाला, "आता तरी बसणार ना व्याही?"

निंबाजी पाटावर मांडी ठोकून बसला. "पाहणी झाली. नात पाहिली. आता मला उठवून दाखवा!"

तात्पर्य: दूर ठेवलेल्या माणसांची खबर गोड असण्यापेक्षा खरी असावी. जो आपल्या सोयऱ्याचंही खरं सांगतो, तो राज्य राखतो आणि घरही राखतो.