राणी पद्मगंधेचा तीनपदरी हार

एका राज्यात पहाटे आधी पाखरं बोलत आणि मग माणसं, कारण तिथं पाखरांचा मान मोठा होता. त्या राज्याची राणी पद्मगंधा. तिनं एकदा हौसेनं खजिन्यातला तीनपदरी रत्नहार गळ्यात घातला, आणि तो निघेचना. हार शापित होता. तो तिच्या कानाशी कुजबुजू लागला.

काळ लोटला. राणीच्या मानेवर चामखिळी उगवल्या, कण्यांएवढ्या, नाजूक देठाला लोंबणाऱ्या. हार म्हणाला, "हे विषाचे कोंब आहेत. तुला जो शिवेल, तो मरेल."

राणीनं मानेला शेला गुंडाळला. धाकटी राजकन्या मेखला धावत आली, की ती मागे सरे.

"आईसाहेब, माझं काही चुकलं का?" पोर विचारी. राणी शेला आणखी आवळून घेई. पोर हसायची थांबली, तशी राणी उठली आणि एकटीच रानात, शाप ओळखणाऱ्या तमसा मायाविनीकडे गेली.

तमसेनं शेला सोडवला, मान निरखली. "राणी, ह्या चामखिळी शापाच्या नव्हेत. कातडी कातडीला घासते, हार काचतो, वय चढतं, तिथं असे कोंब फुटतात. शाप आहे तो ह्या कुजबुजीत. तीन कामं कर. एकेका कामासरशी एकेक पदर तुटेल. आधी तळ्याकाठच्या अर्जुनवृक्षाला त्याच्या गाठींबद्दल विचार."

राणीनं विचारलं. वृक्ष सावकाश बोलला, "माझ्या खोडाला पुष्कळ गाठी आहेत, बाई. मी वाढलो, त्याही वाढल्या. त्यांच्यापायी माझं एक पानही झडलं नाही."

पहिला पदर तुटून तळ्यात पडला.

मग तमसेनं तिला धनेश पक्ष्याकडे धाडलं. त्यानं मोठी चोच तिरपी करून एका डोळ्यानं पाहिलं. "मऊ आहेत, कातडीच्याच रंगाच्या. रक्त येतं? एखादी भराभर वाढली, काळी पडली?"

"नाही, पक्षिराज."

"तर निर्धास्त राहा. मात्र तसं कधी झालं, तर झाकून ठेवू नकोस. वैद्याला दाखव."

दुसरा पदर तुटला.

"आता घरी जा," तमसा म्हणाली, "आणि लेकीला पोटाशी धर."

राणी मागे सरली. "माते, हार खरं बोलत असला तर? माझं एकवेळ काही होवो, पण ती..."

तमसेनं आपला सुरकुतलेला तळवा तिच्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. "बघ. मी आहे ना धडधाकट?"

राणी रडली, मग निघाली. राजवाड्याच्या चौकात ऊन पडलं होतं. मेखला हरणाला गवत भरवत होती. हार गळ्यात किंचाळत होता, तरी राणीनं शेला उतरवला.

"दुखतं का हो, आईसाहेब?" मेखलेनं हळूच बोट लावलं.

"नाही, बाळे. मी उगीचच भ्यायले होते."

"मग मला घ्या ना."

राणीनं तिला उचललं. शेवटचा पदर तुटला. रत्नांचे क्षणात नदीतले साधे गोटे झाले आणि ती कुजबुज कायमची थांबली.

दुसऱ्या दिवशी राजवैद्य आले. त्यांनी बधिर करणारा लेप लावला, बारीक कात्री ज्योतीत शुद्ध केली, आणि एकेक चामखीळ देठाशी अलगद कापली. राणीला मुंगी चावल्याइतकंच कळलं. गळपट्टीजवळची एक उरली.

"ही काढू का, महाराणी?"

"मला सलत नाही. राहू दे."

पुढे नगरातल्या बायका आपापले पदर सारून राणीला मान दाखवायला येऊ लागल्या. राणी प्रत्येकीला जवळ बसवून घेई, स्वतः हात लावून पाही, आणि मगच वैद्यांना हाक मारी. त्या राज्यातली माणसं तेव्हापासून एकमेकांना शिवायला भ्यायली नाहीत, आणि शिवल्यानं कुणी मरत नाही, हीच बातमी पाखरंही पहाटे आधी सांगू लागली.