पिठोरीचा विस्तव

“म्हाळसे, तुझी चूल हीच तुझी धुनी. रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेव, विझू देऊ नकोस. आणि दारात कोणी मागायला आलं, तर वार कोणता, तिथी कोणती, मागणारा कोण, काही विचारू नकोस. दे.”

ओसरीवाल्या महाराजांचे हे शब्द म्हाळसेने जिवापाड जपले होते. महाराज कोणाच्याही घराचा उंबरा ओलांडत नसत. श्रीमंत असो, गरीब असो, त्यांचे आसन ओसरीवरच. म्हणून लोक त्यांना ओसरीवाले महाराज म्हणत. एका वर्षी ते नदीकाठच्या कुडवलीत आले आणि गावातली चांगली चांगली घरे सोडून म्हाळसेच्या झोपडीपुढच्या हातभर ओसरीवर बसले. म्हाळसा एकटी विधवा बाई. पत्रावळी लावून पोट भरणारी. तिने विचारले, “महाराज, माझ्याजवळ द्यायला काही नाही. मी कोणती सेवा करू?” तेव्हा महाराजांनी तिला हे व्रत दिले.

तो काळ काडेपेटीच्या आधीचा. घरातला विस्तव विझला की बायका खापरी घेऊन शेजारी जात आणि दोन निखारे मागून आणत. पण अमावस्येला कोणी विस्तव देत नसे. दिला तर त्याच्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, अशी समजूत होती. कुडवलीत या रिवाजाची राखण अन्नपूर्णाबाई इनामदारीण करत. सोवळ्याच्या कडक, बोलायला त्याहून कडक. कोणी चुकून अमावस्येला निखारा दिलाच, तर नदीच्या घाटावर चार बायकांत त्याचा उद्धार व्हायचा.

म्हाळसा मात्र अमावस्येलाही द्यायची. घाटावर रंगूकाकू हसून म्हणायची, “तिला कसली भीती? लक्ष्मी जायला आधी घरात असावी लागते!” सगळ्या खळखळून हसायच्या. आणि यातल्याच कितीतरी जणी अमावस्येला पदराआड खापरी लपवून म्हाळसेच्या मागल्या दाराशी यायच्या बरं! रंगूकाकूसुद्धा. माणसाचे मन असेच असते. समोरच्या दारी हसायचे आणि मागल्या दारी हात पसरायचा. म्हाळसेने कधी कोणाचे नाव सांगितले नाही. ‘विचारू नकोस’ म्हणाले ना महाराज? मग सांगायचे तरी कशाला!

त्या वर्षी श्रावणात पावसाने उसंतच घेतली नाही. नदी फुगली. महाराज तेव्हा पैलतीरावरच्या सोनारीत चातुर्मासाला बसले होते; नावा बंद पडल्या आणि त्यांचे दर्शनही अंतरले. अशात पिठोरी अमावस्या उजाडली. लेकराबाळांसाठी आयांनी धरायचे हे व्रत. इनामदारांच्या सुनेचे दिवस भरले होते. अन्नपूर्णाबाई देवळाच्या विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन परतत होत्या, तोच त्यांना दिसले की म्हाळसा भर सकाळी नावाड्याच्या बायकोच्या खापरीत निखारे घालते आहे.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नावाड्याची बायको निघून जाताच त्या थेट आत आल्या.

“म्हाळसे! आज पिठोरी आहे. माझी सून आजउद्या बाळंत व्हायची, आणि तू गावातली लक्ष्मी खापरीखापरीनं वाटतेस?”

“बाई, महाराजांना शब्द दिलाय मी.”

“कुठला तो ओसरीवरचा गोसावी! त्याला ना घर ना दार, त्याला काय कळतं लक्ष्मीचं?”

असे म्हणून त्यांनी हातातली कळशी चुलीवर उपडी केली. फस्स् झाले. राखेचा काळा ओघळ म्हाळसेच्या पायाशी आला. अन्नपूर्णाबाई तशाच निघून गेल्या.

म्हाळसा चुलीपाशी बसून राहिली. स्वतःला बोलणी बसली त्याचे तिला काही नव्हते, पण महाराजांना दिलेला शब्द डोळ्यांदेखत विझला होता. ती रडली. मग डोळे पुसले. विझलेले कोळसे एकत्र केले, वर एक गोवरी ठेवली आणि रोजच्यासारखी राख ओढून सगळे झाकून टाकले. राख तरी कसली, चिखलच तो. “झाकायचं काम माझं, महाराज,” ती म्हणाली. “पुढचं तुम्ही बघा.”

तिसऱ्या प्रहरी नदीने बांध फोडला. इनामदारांचे घर काठालगतचे. पाणी स्वयंपाकघरात शिरले, चूल बुडाली, देवघरातला दिवाही गेला. चकमकीचा कापूसही भिजून गेला. आणि अशा वेळी सून माडीवर बाळंत झाली.

म्हाळसेच्या दारात अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या तेव्हा ओळखू येईनात. सोवळे चिखलाने भरलेले, केस सुटलेले, हातात रिकामी खापरी. पण त्या आत येईनात.

“मुलगा झालाय,” त्या म्हणाल्या. “गार पडलाय गं. ओठ निळे झालेत. सुईण म्हणते, शेक मिळाला नाही तर…”

“वरच्या आळीत विचारलंत का?”

“सगळीकडे जाऊन आले. घराघरांवर धूर दिसतोय, म्हाळसे! रंगू दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, ‘बाईसाहेब, अमावस्येला विस्तव देऊ नये, तुम्हीच शिकवलंत.’ आणि तुझ्या दारात यायला मला तोंड नाही. इथला विस्तव तर मीच…”

क्षणभर, अगदी क्षणभरच, म्हाळसेच्या जिभेवर एक कडू शब्द आला. सकाळची कळशी आठवली, फस्स् असा आवाज आठवला. पण त्याहून जुना आवाज कानात होता: मागणारा कोण, विचारू नकोस.

“आत या बाई. खापरी धरा.”

“अगं, पण चुलीत आहे काय आता?”

“महाराजांनी ‘दे’ म्हणून सांगितलंय. नसतं तर सांगितलं नसतं त्यांनी.”

म्हाळसेने महाराजांचे नाव घेतले आणि त्या ओल्या राखेत हात घातला. वरचा थर गार होता. त्याखालचाही गार. तिने हात थांबवला नाही. आणि काय सांगावे! तळाशी बोटांना चटका बसला. गोवरी उकलली तर आत कुंकवासारखा लाल निखारा, त्याला लागून दुसरा, तिसरा. वरून पाणी ठिबकत होते आणि खाली विस्तव रसरसत होता! खापरी काठोकाठ भरली. म्हाळसेने ती पदराखाली धरली आणि पावसातून दोघी धावत सुटल्या.

शेगडी पेटली. ओव्याची पुरचुंडी तापवून सुईणीने बाळाला शेक दिला. पायांचे तळवे गुलाबी झाले, आणि मग पोराने असा टाहो फोडला की खालच्या पाण्यात उभे असलेले इनामदार रडू लागले.

पूर ओसरला तशा दोघी नावेने सोनारीला महाराजांच्या दर्शनाला गेल्या. कळशीचे अन्नपूर्णाबाईंनी कोणालाच सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. महाराज ओसरीवर बसले होते आणि मागे दोरीला त्यांची कफनी वाळत होती. तिच्यावर खांद्यापासून खालपर्यंत राखेच्या पाण्याचे काळे ओघळ होते.

घरची म्हातारी सांगू लागली, “काय नवल सांगू बाई! पिठोरीच्या सकाळी महाराज इथंच कोरड्यात बसले होते. एकाएकी कोणी डोक्यावर कळशी ओतावी तसे चिंब भिजले. आम्ही वर बघतोय, तर कौलं शाबूत! महाराज नुसते हसले. म्हणाले, ‘कुडवलीच्या इनामदारीणबाईंनी आज आम्हाला स्नान घातलं.’ तीनदा धुतली कफनी, डाग जाईना.”

चुलीवर ओतलेले पाणी कोणाच्या अंगावर पडले होते ते अन्नपूर्णाबाईंना कळले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि त्या हुंदके देऊ लागल्या. महाराजांनी एका शब्दाने दोष दिला नाही. इतकेच विचारले, “बाळ दूध पितं ना?”

“पितं महाराज. मला शिक्षा द्या.”

“शिक्षा कसली? गावाला तुम्ही एक रीत शिकवलीत. आता दुसरी शिकवा. पण बोलून नको.”

“शब्द देते,” त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी म्हाळसेच्याही पायांना हात लावला. म्हाळसा गडबडून मागे सरली, पण तोवर नमस्कार होऊन गेला होता.

पुढची अमावस्या आली. म्हाळसा ओसरीवर पत्रावळी लावत बसली होती. रंगूकाकूच्या घरावर सकाळपासून धूर नव्हता. चूल विझलेली होती. पण त्या दिवशी दार अडवून उभी राहिलेली ती बाई आता कोणाच्या दारी, कोणत्या तोंडाने जाणार?

इतक्यात इनामदारांचे पुढचे दार उघडले. अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. हातात निखाऱ्यांनी भरलेली खापरी. पदराआड लपवलेली नव्हे, उघडी. घाटावरून येणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. अन्नपूर्णाबाईंनी कोणाकडे पाहिले नाही. वाऱ्याने निखारे विझू नयेत म्हणून खापरीवर एक हात आडवा धरला आणि त्या रंगूच्या दाराकडे चालू लागल्या.